माझा ठसा, त्याच्या तोट्या

ये, अशी जवळ ये. लांबून ऐकायची ही गोष्ट नाय. आणि तो मोबाईल आधी उपडा ठेव. मी बोलायला लागले की तुझा अंगठा सुरू होतो, ते मला दिसत नाही असं समजू नकोस. गाडी धरून तुझ्या घरापर्यंत आले ते ह्याच्यासाठीच. मागच्या वेळी फोनवर मला काय म्हणालीस? "मावशी, सोडून दे ना आता, म्हातारा माणूस आहे तो." अगं, मग मी काय तरणी आहे? त्याचं म्हातारपण तुला लगेच दिसलं. तुझी मावशी त्याच्या फाटकाबाहेर उन्हात उभी होती, तेव्हा तिचं वय कुणी विचारलं नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीची लेक तू, आणि वकिली त्याची करतेस! बस. आज सगळं सांगते, मग तूच ठरव कुणी काय सोडायचं ते.

तू फ्रॉकात होतीस तेव्हा. मी वाळूजला एका लहानशा कारखान्यात कामाला होते. पितळेच्या तोट्या बनायच्या तिथं, मोरीत असतात त्या, साध्या. गडी माणसं लेथवर, आम्ही बायका तपासणीच्या टेबलावर. तोटीचं जे टोक भिंतीतल्या पाइपात फिरवून बसवतात, त्यावर आटे असतात ना, ते तपासायचं माझं काम. त्यासाठी दोन पोलादी रिंगा असायच्या. एक रिंग आट्यांवर पुरती फिरून बसायलाच पाहिजे आणि दुसरी बसायलाच नको. दुसरीही बसली तर समजायचं आटे बारीक कापलेत, तोटी ढिली आहे, भिंतीत पाझरणार. इतकं साधं. ह्यात शाळा लागत नाही, मन जागेवर लागतं. माझी शाळा तशीही लवकर सुटली होती. तिथल्या डब्यांवरची, खोक्यांवरची अक्षरं वाचत वाचत मी वाचायला शिकले.

आता हे नीट ऐक, पुढं सगळं ह्याच्यावर आहे. तोटी पास झाली की तपासणारीनं तिच्या मानेवर आपला ठसा मारायचा. प्रत्येकीचा ठसा वेगळा. कुणाची चांदणी, कुणाचा त्रिकोण. माझा होता जोंधळ्याचा दाणा. का तर मला तोच आवडला. आणि नापास झाली की लाल रंगात ब्रश बुडवून आट्यांवर फासायचा आणि तोटी वेगळ्या पेटीत टाकायची. पासाला ठसा, नापासाला लाल. दोन्ही एका तोटीवर कधीच नाही.

एकदा मोठा लॉट आला आणि जवळजवळ सगळा नापास. लेथवरची पाती झिजली होती, बदलायची नव्हती मालकाला. मी लाल करत चालले. मालक आला, पेटी बघितली, गोड हसला. "बाई, गाडी भरायची आहे. जरा डोळे मिटा की."

मी म्हणलं, "मालक, डोळे मिटून तपासणी व्हत नाय."

"मग घरी जाऊन मिटा," म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर मीही हसले. मस्करी वाटली.

काही महिन्यांनी तक्रारी आल्या. नव्या वसाहतीत तोट्या पाझरतात, भिंती ओल धरतात, घेणारे चिडलेत. मालकानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना फाटकाशी गोळा केलं. मला बाहेर उभं केलं, फाटकाच्या त्या बाजूला, उन्हात. माझ्या हातात एक तोटी दिली. "हा दाणा कुणाचा?"

मी बघितलं. "माझा," म्हणलं. माझाच होता, खोटं कसं बोलणार?

"ऐकलंत? हिच्या हलगर्जीपणामुळं आपलं नाव गेलं. नळातलं बाईमाणसाला काय कळतं! हिनं भांडी घासावीत." आणि फाटक लावून घेतलं. आत माझ्याबरोबर बसणाऱ्या बाया, चांदणीवाली, त्रिकोणवाली, सगळ्या पाठ फिरवून जेवायला गेल्या. मी फाटकाला धरून उभी. डबा आतच राहिला होता. तोही कुणी आणून दिला नाही.

मला कळेचना. मी तर तसली ढिली तोटी कधीच पास केली नव्हती. मग माझा दाणा तिच्यावर आला कसा? ठसा टेबलाच्या खणात असायचा, खणाला कुलूप नसायचं. संशय माझ्या पोटात होता, पण संशय दाखवणार कुणाला? त्या लॉटातल्या उरलेल्या तोट्या तशाच गाडीत भरून गेल्या, आणि गेल्या कुठं माहीत आहे? आपल्याच बजाजनगरात. ज्या ओळीत मी भाड्यानं राहत होते, त्या ओळीत. माझ्या मोरीत माझाच दाणा ठिबकत होता. भांडी घासायला बसले की डोळ्यासमोर तोच. घास बाई, घास.

आपल्याकडं पाणी कसं येतं ते तुला सांगायला नको. आज येणार म्हणतात, परवा येतं. म्हणून सगळ्या बायका तोटी उघडीच ठेवतात आणि खाली भगुणं पालथं घालतात. पाणी आलं की भगुणं वाजतं आणि माणूस पळत येतं. इतकी वाट बघून आलेलं पाणी, आणि ते माझ्या नावाच्या आट्यांमधून भिंतीत जिरायचं. शेजारीण म्हणायची, "काय गं ही तोटी, कुणा मेलीनं पास केली असंल?" मी खाली मान घालून भांडी घासत राहायचे. माझ्या पायाखालची फरशीसुद्धा मला ओळखते असं वाटायचं.

तेव्हाच मी मनात धरलं. ह्या माणसाच्या तोंडून, चार लोकांसमोर, खरं काढीन. तोवर मरायचं नाही. तू म्हणतेस ना मावशी कडक आहे, आजारी पडत नाही. अगं, त्याचीच करामत आहे ही. राग ठेवला की शरीर नीट राहतं, कुणी डॉक्टर सांगणार नाही तुला.

पुढं मी पाना घेतला आणि गल्लीगल्लीतल्या तोट्या दुरुस्त करायला लागले. रबरी वायसर बदल, आट्यांवर धागा गुंडाळ, वरून सफेद्याचा पांढरा लेप लाव. बजाजनगरात मला तोटीवाली मावशी म्हणायला लागले. जिथं जाईन तिथं आधी तोटीची मान बघायची. दाणा दिसला की पान्यावरची पकड घट्ट व्हायची.

अशाच एका घरी एक मॅडम भेटली. तिच्या आईचं घर ते. मॅडम विद्यापीठात शिकवणारी. मी तिच्या आईला बडबडत होते की ह्या तोटीचे आटे कुणाच्याच पाइपाला धड बसत नाहीत, आणि सगळ्यांनी एकच माप पाळलं असतं तर तुमची भिंत वाचली असती. मॅडम दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "मावशी, मी पोरांना हेच शिकवते. मानकीकरण आणि शाश्वत विकास. वर्गात याल का?"

मी म्हणलं, "मी? पाना घेऊन?"

"पाना घेऊनच या."

आता तुला वाटेल, मावशीनं जाऊन शिकलेल्यांना शहाणपण शिकवलं. छे गं. पोरं हुशार होती आणि मॅडम त्याहून हुशार. मला रिंग फिरवता यायची, पण ते माप तेवढंच का, हे मला मॅडमनं सांगितलं. माणसं एकत्र बसून, भांडून, एका मापावर राजी होतात, ते लिहून ठेवतात, आणि मग इथं बनलेली तोटी कुठल्याही गावच्या पाइपात बसते. मी इतकी वर्षं त्या कराराची चाकरी करत होते आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. त्या दिवशी मला लई बरं वाटलं. वाटलं, मालकानं नुसतं मला नाही फसवलं, त्या बसलेल्या सगळ्या माणसांना फसवलं. राग जरा रुंद झाला.

पहिल्या तासाला मी पोरांना विचारलं, "शाश्वत विकास म्हणजे काय रे?"

पुढच्या बाकावरच्या पोरीनं धडाधड सांगितलं, आजची गरज भागवताना पुढच्यांची गरज मारायची नाही वगैरे. ही पोरगी अजिंठ्याकडची, शेतकऱ्याची, बारीकशी, बोलायला तिखट. ती पुढं कामाची आहे, लक्षात ठेव.

"बरोबर," मी म्हणलं. "आता ह्या तोटीत दाखव."

सगळे हसले. मग आम्ही बोलत बसलो. तोटी मापाची असेल तर बिघडल्यावर काय बदलायचं? एक रबरी वायसर, कुठल्याही दुकानात मिळणारा. मापाची नसेल तर? अख्खं पितळ भंगारात, भिंत फोडायची, सिमेंट लावायचं, नवी तोटी आणायची. आणि मधल्या काळात पाझरलेलं पाणी? ते धरणातून वीज जाळून इथवर चढवलेलं असतं. पोरांनी फळ्यावर बाण काढले, तोटीपासून विजेपर्यंत, विजेपासून कोळशापर्यंत. फळा भरला. मी बघत राहिले. भिंतीवरच्या एका ओल्या डागाचं एवढं मोठं खानदान असतं, हे मलाही नव्हतं माहीत.

गंगापूरकडचा एक पोरगा मात्र मागून म्हणाला, "आजी, माझ्या काकाचं छोटं वर्कशॉप आहे. तपासणी, शिक्का, त्याची कटकट त्याला झेपत नाही. मानक म्हणजे मोठ्यांनी छोट्यांना दाराबाहेर ठेवायचा बहाणा आहे."

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाली, प्रश्न खरा आहे. माप ठरवायला बसणाऱ्यांत तुझ्या काकासारखे पाहिजेत, आणि चार छोट्यांना मिळून वापरता येईल अशी तपासणीची सोय पाहिजे. मग मी म्हणलं, "बाळा, दाराबाहेर उभी राहिलेली मी आहे. पण मला रिंगेनं बाहेर नाही काढलं. रिंग तर माझ्या बाजूनं बोलत होती. मला बाहेर काढलं ते रिंगेचं न ऐकणाऱ्यानं."

"कोण तो?" अजिंठ्याच्या पोरीनं लगेच विचारलं.

"आहे एक," मी म्हणलं.

मग मॅडमनं पोरांना काम दिलं. वसाहतीत फिरायचं, पाझरणाऱ्या जुन्या तोट्या काढून आणायच्या, त्यांच्या जागी मापाच्या बसवून द्यायच्या, आणि जुन्या तपासून कशा बिघडल्या ते मांडायचं. मी पोरांना घेऊन बजाजनगरात गेले. कुठल्या गल्लीत जायचं ते मीच सांगितलं. मी काय साधीभोळी वाटले का तुला?

तोट्या आल्या. मी सवयीनं एक उचलली, वरचा धागा नखानं खरवडला आणि रिंग चढवायला लागले. मॅडमनं हात धरला. "मावशी, असं नाही. तपासायची पद्धतही ठरलेली असते. आधी आटे थिनरनं पुसायचे, बारीक ब्रशनं खाचा साफ करायच्या, मग रिंग. सगळ्या तोट्यांना तेच, नाहीतर तुलना व्हायची नाही." मला जरा रागच आला. आयुष्य गेलं माझं रिंगा चढवण्यात! पण ऐकलं.

आणि बाई गं, बरं झालं ऐकलं.

अजिंठ्याची पोरगी ब्रश फिरवत होती. सफेदा निघाला, धाग्याचा लगदा निघाला, आणि ती थांबली. "आजी, ह्याच्या खाली लाल काय आहे?"

मी चष्मा लावला. आट्यांच्या खोल खाचांमध्ये, जिथं फडकं पोचत नाही, तिथं लाल रंग. माझा लाल रंग. पुसून, धुऊन, वर धागा-सफेदा चढूनही आत राहिलेला. आणि तोटीच्या मानेवर? जोंधळ्याचा दाणा.

मी खाली बसले. पोरं घाबरली, पाणी आणलं. मी म्हणलं, "पाणी नको, दुसरी तोटी साफ करा." दुसरीतही लाल. तिसरीतही. मग मी पोरांना सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसं. पासाला ठसा, नापासाला लाल, आणि दोन्ही एकीवर कधीच नाही.

अजिंठ्याची पोरगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही नापास केलेल्या त्यानं धुतल्या, आणि तुमचा ठसा तुमच्यामागं मारला."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी फक्त मनात ऐकलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं असं वाटतंय ना तुला? नाय आलं. भूक लागली. कॅन्टीनमध्ये जाऊन मी दोन वडे खाल्ले.

आता पुढचं बघ. मॅडमच्या विभागात दरवर्षी मानकांचा एक कार्यक्रम असतो, पाहुणा बोलावतात. मॅडमनं चहाच्या वेळी पत्रिका दाखवली. ह्या वर्षीचे पाहुणे म्हणजे पाणी वाचवणारे उद्योजक, मुलींच्या नव्या वसतिगृहाला तोट्या भेट देणार, वर फोटो. केस पांढरे, पण हसणं तेच, डोळे मिटा म्हणणारं. माझ्या हातातला चहा सांडला वगैरे काही नाही. उलट तो गोड लागला.

"मॅडम," मी म्हणलं, "हाच तो."

मॅडमनं पत्रिका परत एकदा वाचली. मग म्हणाली, "कार्यक्रम होईल. त्यांच्या नव्या तोट्या आपण नियमाप्रमाणं तपासू आणि निकाल तिथंच सांगू. जुन्या तोट्याही टेबलावर राहतील. बोलायचं ते तुम्ही बोला. पण खोटं एक अक्षर नको."

"मी कशाला खोटं बोलीन?" मी म्हणलं. ते म्हणताना मला वाटत होतं, नव्या तोट्याही नापासच निघणार. माणूस तोच, माल तोच. मी रात्रंदिवस तेच चित्र बघत होते, भर सभेत त्याचा अख्खा लॉट लाल झालेला.

त्याच्या भेटीच्या नव्या तोट्यांची खोकी आली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही तपासायला बसलो. मॅडमनं शिकवलं होतं तसं पोरांनी न बघता खोक्यांतून वेगवेगळ्या थरांतल्या तोट्या उचलल्या. पहिली रिंग बसली, दुसरी अडली. पास. पुढची, पास. पुढची, पास. मी आणखी काढा म्हणलं. पोरांनी आणखी काढल्या. सगळ्या पास! आटे असे सुरेख की हात फिरवावासा वाटावा. मेल्यानं पाती बदलली होती.

माझं तोंड बघायला पाहिजे होतंस. इतकी वर्षं ज्या घासाची वाट बघितली तो ताटातून कुणी उचलून नेला.

टेबलाच्या टोकाला विभागाच्या वर्कशॉपातली एक जुनी रिंग पडली होती, बसायला नको त्या जातीतली. झिजलेली, आतून मोठी झालेली. ती चांगल्या तोटीवरही सरळ चढली असती आणि चांगली तोटी नापास ठरली असती. मीच पोरांना ती दाखवून शिकवलं होतं की मोजणारी वस्तूही मधून मधून मोजायची असते. पोरं खुर्च्या मांडायला बाहेर गेली होती. मी ती रिंग उचलली. हातात फिरवली. एवढंच करायचं होतं, ही चढवायची, लाल लावायचा, बस. त्यानंही एवढंच केलं होतं.

मी ती खाली ठेवली. चांगुलपणा म्हणून नाही, तसं समजू नकोस. उद्या एखादी हुशार पोरगी ती तोटी परत साफ करून दुसऱ्या रिंगेत घालील, आणि माझा सूड तिथंच ढिला निघेल, भिंतीत पाझरायला लागेल. इतकी वर्षं जपलेली गोष्ट मी कच्च्या मालातून बनवणार नव्हते. सूड असा पाहिजे की कुणीही, कुठल्याही रिंगेनं मोजावा आणि पास व्हावा. मी निकाल कागदावर लिहिला, कागद कमरेला खोचला आणि मॅडमला म्हणलं, "निकाल मी सांगणार, शेवटी."

मॅडमनं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

तो आला. काठी टेकत, शाल घेऊन. मी मागच्या रांगेत बसले होते. पाणी, पर्यावरण, गुणवत्ता, सगळं बोलून झालं. मग अजिंठ्याची पोरगी त्याला टेबलाजवळ घेऊन गेली. "सर, ह्या जुन्या तोट्या बघा. तुमच्याच ना?"

त्यानं एक उचलली, वरचं कारखान्याचं नाव बघितलं, मानेवरचा दाणा बघितला, आणि खरं सांगते, त्याचा जीव भांड्यात पडलेला मला मागून दिसला. माईक धरून म्हणाला, "आमच्याच. तेव्हा आमच्याकडं तपासणीला एक बाई होती. बेपर्वाईनं ठसे मारायची. मी तिला काढून टाकलं. गुणवत्तेत मी तडजोड करत नाही." पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी एकानंही नाही.

"सर, मग आट्यांतला हा लाल रंग कुणाचा?"

"कसला लाल?"

"नापास मालाला लावायचा ना तुमच्याकडं?"

"हां... तीच बाई लावायची."

"म्हणजे तिनंच आधी नापास केली, आणि तिनंच मग पास केली?"

"विसरभोळी असेल."

"सगळ्याच तोट्यांच्या वेळी?" पोरीनं ट्रे पुढं सरकवला. साफ केलेल्या, ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीच्या मानेवर दाणा आणि खाचांत लाल.

मी उठले. रांगेतून वाट काढत पुढं गेले. "मालक, वळखलं का?"

त्यानं बघितलं. ओळखलं. "बाई, तुम्ही? इथं?"

"इथं शिकवते. नळातलं."

पोरं हसली. तो हसला नाही. त्याची नजर माझ्या कमरेच्या कागदावर गेली, मग त्याच्या नव्या खोक्यांवर. "तपासणी तुम्ही केली?"

"व्हय."

आणि तेव्हा गं, त्याच्या चेहऱ्यावर ती भीती आली. मी ती अजून जिभेवर घोळवते. त्याला वाटलं, मी तेच केलं असणार जे त्यानं केलं होतं. हळू आवाजात म्हणाला, "बाई, हा माल चांगला आहे. ह्याला काही करू नका."

"ते नंतर. त्या जुन्या तोट्या रॉकेलनं धुतल्या होत्या का?"

"तेव्हा माल अडकला होता, बाई. तुम्हाला माहीत आहे धंदा कसा..."

"हे मी विचारलंच नाय. माझा ठसा कुणी मारला?"

तो खोक्यांकडं बघत राहिला. मी कागद कमरेतून काढला आणि नुसता हातात धरला.

"मी," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी. मीच."

"माईक लांब राहिला, मालक."

अजिंठ्याच्या पोरीनं माईक त्याच्या तोंडाजवळ धरला. काय पोरगी आहे! आणि तो बोलला, सगळ्या सभेला ऐकू जाईल असं. "ह्या बाईंनी तोट्या नापास केल्या होत्या. मी त्या धुतल्या आणि ह्यांचा ठसा मारला. चूक ह्यांची नव्हती."

मग मी कागद उघडला आणि वाचला. तपासलेल्या सगळ्या नव्या तोट्या पास.

त्याला खरं वाटेना. माझ्या हातातून कागद घेऊन त्यानं स्वतः वाचला. मग म्हणाला, "तुम्ही पास केल्या?"

"रिंगेनं केल्या. मी नुसतं लिहिलं."

त्याची मान जी खाली गेली, ती तिथंच. तोट्या नापास झाल्या असत्या तर तो भांडला असता, दुसरीकडं तपासा म्हणाला असता. पास झाल्यावर काय बोलणार? पण माझं संपलं नव्हतं. पोरांनी मला वर्कशॉपात नवा ठसा बनवून दिला होता, जोंधळ्याच्या दाण्याचा. तपासणारीची खूण मालावर पाहिजे, म्हणजे उद्या विचारायचं कुणाला ते कळतं, हे आमच्या अभ्यासातच होतं. मी हातोडी घेतली. "धरा मालक, एक एक तोटी. घट्ट धरा, माझा नेम आता पहिल्यासारखा राहिला नाय."

त्यानं धरल्या. तपासलेल्या सगळ्या. मी मारत गेले, आणि प्रत्येक ठोक्याला त्याचे डोळे मिटत होते. मिटा म्हणलं, जरा डोळे मिटा.

जाताना तो हात जोडून म्हणाला, "बाई, झालं गेलं विसरा. माफ करा."

मी म्हणलं, "नाय."

एवढंच. सभेत कुजबुज झाली, म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का म्हणून. तू त्यातलीच. पण मी त्याला एक गोष्ट सांगितली, माईकवरच. बजाजनगरात ज्या ज्या भिंतीत माझ्या नावाची खोटी तोटी आहे, ती मी काढून आणणार, आणि तिच्या बदल्यात त्यानं मापाची नवी द्यायची. गड्याच्या हातून नाही, स्वतःच्या हातानं. कारखान्याच्या फाटकात येऊन. तो हो म्हणाला. सगळ्यांसमोर दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी जाते. पोरं वसाहतीतून तोट्या काढतात, साफ करून लाल दाखवतात, आणि मी पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहते. आत बोलावतात, खुर्ची देतो म्हणतात. मी आत जात नाही. मग तो येतो, काठी टेकत, उन्हात. मी पिशवीतून एक एक तोटी काढते आणि विचारते, "हा दाणा कुणाचा?"

"तुमचा."

"मारला कुणी?"

"मी."

मग तो नवी तोटी देतो. जेवणाच्या सुट्टीतली माणसं बघत असतात. परवा आतून एका बाईनं, तपासणीवरच्या, मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायले आणि पुढची तोटी काढली. वर्गातली पोरं म्हणतात, आजी, जुनं पितळ वितळून नव्यात जातं, भिंती वाचतात, पाणी वाचतं, हे आमच्या अभ्यासात बसतं. बसू द्या की. माझा सूड कुणाच्या अभ्यासात बसत असेल तर मला आनंदच आहे.

आता वसाहतीतल्या तोट्या संपत आल्यात. एक मात्र मी मुद्दाम ठेवली आहे, माझ्या मोरीतली. अजून ठिबकते. खाली बादली असते, थेंब वाया जाऊ देत नाही, त्यानं झाडाला पाणी होतं. पोरं म्हणाली, आजी, काढू का? मी म्हणलं, तिला हात लावू नका. ती मी माझ्या भाचीच्या हातून काढणार, जी फोनवर मला सोडून दे म्हणते. पाना मी तेल लावून ठेवलाय. तू भिंतीतून ती फिरवून काढ, ब्रशनं साफ कर, खाचांतला लाल स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग आपण दोघी ती घेऊन फाटकाशी जाऊ, आणि शेवटच्या वेळी विचारायचं ते तू विचार.

माणूस खरंच म्हातारा झालाय गं, परवा काठीसकट थरथरत होता. म्हणून म्हणते, उशीर करू नकोस. मी आज माघारी जाते, तू ह्या आठवड्यात निघ. वाळूजच्या फाट्याला उतर, मी घ्यायला येते. ये लवकर.